मंडळाचे जुने मशीन
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. सातवीत असताना गुरुजींनी एकदा मला 'माझी आई' या विषयावर बोलायला उभे केले होते. दोन वाक्ये झाली आणि मला रडू कोसळले. त्यानंतर चार माणसांसमोर उभी राहते आहे ती आजच. चिटणीसबाई म्हणाल्या, मंडळाच्या शिवण विभागाविषयी थोडे बोला. मी म्हटले, विभागाविषयी मला काय सांगता येणार, मी आपली मशीनविषयी बोलते. तेव्हा काही कमीजास्त झाले तर आपण सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळात शिवण येणाऱ्या नऊदहा जणी आहेत. पायमशीन बहुतेक घरी आहे. ब्लाउज, परकर, लहान मुलींचे फ्रॉक हे सर्व आपण घरीच शिवतो. परंतु शिवणीच्या आतले काठ बांधून घ्यायचे म्हटले की बाजारातल्या दुकानी जावे लागे. शिंपी लोक त्याला इंटरलॉक म्हणतात, कारखान्यात ओव्हरलॉक म्हणतात, वस्तू एकच. ते केले नाही तर टेरिकॉटसारख्या कापडाची सुते दोनतीन धुण्यांत सुटू लागतात आणि शिवण कितीही पक्की घातली तरी उसवते. दुकानदार एका ब्लाउजचे दहा रुपये घेई. गिऱ्हाईक आपल्याला शिलाई देणार ती मोजून, त्यातले दहा रुपये तिथे गेले की दोरा-अस्तराचा खर्च वजा जाता हाती काय उरते ते शिवणाऱ्या बाईलाच ठाऊक. शिवाय सोलापूरचे ऊन. त्या उन्हात जायचे आणि 'संध्याकाळी या' एवढे ऐकून परत यायचे.

म्हणून मंडळाचे स्वतःचे मशीन असावे असे खजिनदारबाईंच्या मनात आले. मी म्हणते त्या आताच्या नव्हेत, आधीच्या. आपले गाव चादरी-टॉवेलांचे आहे तसे शाळेच्या गणवेशांचेही आहे, हे आपल्याला सांगायला नको. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि गणवेश कोणाला लागेना. मोठे कारखाने कसेतरी तगले, लहानांचे हाल झाले. अशाच एका लहान कारखानदाराने दोन वर्षे ओढाताण करून २०२२ साली आपली यंत्रे विकायला काढली. खजिनदारबाई तिकडे तीन वेळा गेल्या. त्याने दहा हजार सांगितले होते, बाईंनी साडेआठ हजारांवर आणले. टेबल आणि मोटर त्यातच. हे पैसे आपल्या पापड-कुरडयांचे आणि शेंगाचटणीचे होते. प्रत्येकीच्या हाताला तिखटाची आग झाली होती त्यापायी, म्हणून मी मुद्दाम आठवण देते.

श्रावणात मशीन आले. तीन दोऱ्यांचे. पांढरा, निळा आणि खाकी असे तिन्ही दोरे त्यात भरलेलेच होते. कारखानदाराच्या माणसाने एक चिंधी घालून चालवून दाखवले. झर्रकन काठ कातरला गेला आणि बांधलाही गेला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. तो जाताना म्हणाला, "बाई, कोन संपत आला की दोरा तोडायचा, नव्या कोनाचे टोक जुन्याला गाठ मारून बांधायचे आणि हळूहळू ओढून घ्यायचे. आतले दोरे काढू नका." हे त्याने दोनदा सांगितले. मी त्या वेळी मागे चहाचे कप विसळत होते. ऐकले, पण अर्ध्या कानाने.

दोन महिने मशीन उत्तम चालले. मग नवरात्र आले. खंडेनवमीला आपण मंडळातल्या सर्व वस्तूंची पूजा करतो. त्या वर्षी मशीनचीही करायची ठरली. पुसून लख्ख करायचे काम माझ्याकडे होते. सगळीकडे जुन्या तेलाचा चिकटा आणि कापसासारखी तुसे बसली होती. ती काढताना मध्ये येणारे ते मळकट दोरे मला बघवेनात. पूजेला असे घाणेरडे दोरे कसे ठेवायचे, असे वाटून मी तिन्ही ओढून काढले, कापूर लावून मशीन चकचकीत केले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. सर्वांनी माझे कौतुक केले.

ते दोरे मी काढले, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. लपवायचे असे मनात नव्हते. आज नवे दोरे घालू, त्यात काय मोठे, असे मला वाटले होते. इतकी वर्षे सुईत दोरा ओवते आहे मी.

आता यातली अडचण ज्यांनी ते मशीन उघडून पाहिले नसेल त्यांना सांगते. आपल्या पायमशीनला वरून एक दोरा आणि खाली बॉबिन, एवढाच संसार. दिवे गेले तरी हाताला ओळखीचे. या मशीनला बॉबिनच नाही. मागच्या खुंट्यांवर तीन कोन. त्यांतून दोरे सरळ वर जातात, डोक्यावरच्या दांडीच्या कड्यांतून खाली येतात, आणि प्रत्येकाला आपापले टेन्शनचे बटण आहे. तिथे दोन चकत्यांच्या मध्ये दोरा नीट बसला नाही, नुसता वरवर राहिला, तर खाली दोऱ्याची लोंबणी होते. त्यापुढे पुढचे झाकण उघडायचे. आत सुईखेरीज दोन वाकड्या बोटांसारखे दांडे आहेत, त्यांना लूपर म्हणतात. एक वरचा, एक खालचा. दोघांच्याही टोकाला सुईसारखे भोक. वरचा जरा तरी दिसतो. खालचा म्हणजे माजघराच्या कोनाड्यात ठेवलेली वस्तू. हाताने चाक फिरवून फिरवून त्याला बाहेर आणावा, बोट शिरत नाही म्हणून चिमट्याने दोरा धरावा, तेवढ्यात दोऱ्याचे टोक पिसकटावे, पुन्हा कातरून थुंकी लावून पिळावे. वाटेत जितकी कडी आहेत त्यांतले एक जरी चुकले तरी सगळी मेहनत वाया. चिमटा माझ्या मुलीचा भुवया कोरायचा होता, तो अजून मी तिला परत केलेला नाही. डोळ्यांना चष्माही त्याच सुमारास लागला.

मुलाने कुठेसे वाचून सांगितले की अशा तऱ्हेचे मशीन अमेरिकेत मेरो नावाच्या कंपनीने १८८१ साली काढले. तेव्हापासून जगभर किती बायकांनी कपाळाला हात लावला असेल, ते देवाला माहीत.

तर मी ओवले. पहिल्या दिवशी दीड तास गेला. पायडल दाबले आणि चार टाके पडताच खालचा दोरा तटकन तुटला. पुन्हा त्या कोनाड्यात शिरून खालचा दोरा ओवला, पुन्हा तुटला. असे पाच वेळा झाले. दुसऱ्या दिवशी इतर जणी बसल्या, त्यांचेही तेच. टेन्शन सैल केले तर काठाला लोळच्या लोळ पडू लागले, घट्ट केले तर कापड गोळा होऊ लागले. सुई बदलली. तेल घातले. कोणी म्हणाले दोरा कच्चा आहे, म्हणून महाग दोरा आणला. तो महाग दोराही तसाच तुटला. माझ्या मुलीने मोबाइलवर कोणाकोणाचे ओवणे दाखवले, पण त्यांची मशीने निराळी, चार दोऱ्यांची, कोणता दोरा कुठून जातो ते रंगांनी दाखवलेली. आपल्या मशीनवरचे रंगाचे ठिपके कधीच पुसून गेले होते. मग एका मिस्त्रीला बोलावले. तो आमच्याकडे पाठ करून बसला, दोन मिनिटांत तिन्ही दोरे ओवले, हातभर साखळी काढून दाखवली आणि दोनशे रुपये घेऊन गेला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी खालचा दोरा तुटला तो पुन्हा आमच्या हाताला वश होईना. मिस्त्री पुन्हा आला, पुन्हा दोनशे. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "जुनं मशीन आहे, असंच चालणार." यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतरची ती सभा. आपल्यापैकी बऱ्याच जणी त्या सभेला होत्या. मशीन फसवून गळ्यात मारले गेले, घेताना जाणकार माणूस न्यायला हवा होता, कारखानदार का विकत होता ते विचारायला हवे होते, असे एकेकीने बोलायला सुरुवात केली. खजिनदारबाई एवढेच म्हणाल्या की आणले तेव्हा चालत होते, दोन महिने चालले, हे सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा एक बाई उठून म्हणाली, "स्वस्त पाहून घेतले की असेच व्हायचे." ती बाई मी होते.

मी हे का बोलले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोरे मी काढले याची मला तोवर थोडी थोडी टोचणी लागली होती. मशीनच वाईट ठरले तर माझ्यावर काही येणार नव्हते. दुसरे कारण मला सापडत नाही.

खजिनदारबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, मंडळाचे नुकसान माझ्या हातून झाले असे सर्वांना वाटत असेल तर मी महिन्याला पाचशेप्रमाणे भरून देते. आणि एकीनेही 'नको' म्हटले नाही. त्यांनी दोन हप्ते दिले. खजिन्याचे काम सोडले, गुरुवारच्या भजनालाही यायच्या बंद झाल्या. पेटीवर त्या बसत. तेव्हापासून आपले भजन टाळांवरच चालले आहे.

दुसरा हप्ता जमा झाला त्या दिवशी मी खोलीची किल्ली मागून घेतली. सर्वांना वाटले, शिवायला घेतली. दुपारची जेवणे उरकली की मी मशीनपाशी जाऊन बसायची. वरच्या लूपरला लाल, खालच्याला हिरवा आणि सुईला पांढरा असे तीन रंगांचे दोरे घेतले, म्हणजे कोण कुठे जातो ते दिसेल. मुलाच्या जुन्या भूगोलाच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक कडे काढून ठेवले. आठवड्याभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पांढरा तुटला आणि नुसता पांढरा ओवला तर काम पुढे चालते. लाल तुटला तरी बहुधा चालते. हिरवा तुटला आणि नुसता हिरवा ओवला की तीन-चार टाक्यांत तो पुन्हा तुटतो. असे का, ते मात्र कळेना.

आमच्या गल्लीत त्या सुमारास पूर्व भागातून एक कुटुंब राहायला आले. त्यातल्या बाई घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. बारा वर्षे गणवेशाच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर नगावर काम केलेल्या. मी त्यांना अक्का म्हणते. पाण्याच्या वेळी नळावर मी त्यांना माझे रडगाणे सांगितले. त्यांनी कळशी भरता भरताच विचारले, "खालचा ओवताना सुई मोकळी करता का?"

मी म्हटले, "सुईला काय झालंय? सुईचा दोरा तर धड असतो."

"म्हणूनच तुटतो," अक्का म्हणाल्या. "सुई शेवटी. नेहमी सुई शेवटी."

त्या दुपारी येऊन त्यांनी दाखवले, आणि माझे रंगीत दोरे असल्यामुळे ते डोळ्यांना दिसले. सुईत दोरा असला की त्याचे टोक पट्टीच्या खाली गेलेले असते आणि ते खालच्या लूपरच्या अंगावरून आडवे पडते. अशा वेळी खालचा दोरा ओवला की तो त्या सुईच्या दोऱ्यात अडकून बसतो. मशीन फिरले की दोघांची ओढाताण होते आणि खालचा तुटतो. म्हणून आधी वरचा लूपर, मग खालचा, आणि सगळ्यात शेवटी सुई. मध्येच खालचा तुटला तर सुईचा दोरा चांगला असला तरी तो काढायचा, त्याचे टोक खालून वर ओढून घ्यायचे, खालचा ओवायचा, आणि मग पुन्हा सुई. एवढेच. मिस्त्री दर वेळी तिन्ही दोरे नव्याने ओवी, म्हणून त्याचे चाले. आम्ही तुटलेला तेवढाच ओवायचो. आम्हाला ती काटकसर वाटत होती.

अक्कांनी आणखीही दोन गोष्टी सांगितल्या. दोरा टेन्शनमध्ये बसवताना दाब उचललेला असावा आणि दोन्ही हातांनी धरून जरा खेचावा, म्हणजे तो चकत्यांच्या मध्ये शिरतो. आणि सर्व झाल्यावर कापड न घालता आधी वीतभर साखळी काढून बघावी. ती एकसारखी आली तरच कापड घालावे. गाठ मारून दोरा ओढायची युक्ती त्या कारखानदाराच्या माणसाने सांगितली तशीच आहे, फक्त सुईच्या भोकातून गाठ जात नाही, तिथे कापून हाताने ओवावे लागते.

त्या दिवशी आम्ही दोघींनी तासभर चिंध्या शिवल्या. दोरा तुटला नाही. मग मी मुद्दाम हिरवा कातरून तोडला, पुन्हा क्रमाने ओवला, पुन्हा चालवले. साडेआठ हजारांच्या मशीनमध्ये काहीही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खजिनदारबाईंच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटले, "ताई, मशीन चालू झाले."

"कोणी दुरुस्त केलं?"

"बिघडलंच नव्हतं. दोरे मी काढले होते, खंडेनवमीला. नंतर ओवायचं कसं ते आम्हाला येत नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग माझे हजार रुपये?"

मी पिशवीत शिलाईचे हजार रुपये घेऊनच गेले होते, ते पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. "तुझे नकोत. मंडळाने घेतले, मंडळाने द्यावेत," म्हणाल्या. "मंडळाला काय सांगशील?"

मी म्हटले, "मशीन चालू झाले, असे सांगेन."

"ते तर मशीनच सांगेल," त्या म्हणाल्या. मग चहा टाकायला आत गेल्या. चहा झाला, पण पुढे बोलणे झाले नाही.

आणि मी तसेच केले. मंडळात एवढेच सांगितले की मशीन चालू झाले. सर्वांनी पुन्हा माझे कौतुक केले. २०२३ च्या मे महिन्यात एका शिशुशाळेचे साठ फ्रॉक आपण घेतले, जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत दिले, मशीनने एक दिवस खाडा केला नाही. आता मंडळातल्या बाईचा ब्लाउज आपण चार रुपयांत बांधून देतो आणि ते चार रुपयेही मंडळातच राहतात. हे सर्व शिवण विभागाच्या अहवालात छापून येईलच, चिटणीसबाईंनी आकडे घेतले आहेत.

अहवालात येणार नाही ते मला सांगायचे होते. माझी दोन मागणी आहेत, अध्यक्षीणबाईंनी ती सभेपुढे ठेवावीत. पहिली, खजिनदारबाईंनी भरलेले एक हजार रुपये मंडळाने त्यांना परत करावेत. दुसरी, संक्रांतीच्या त्या सभेच्या इतिवृत्तात असे लिहिलेले आहे की मशीन सदोष निघाले व खरेदीच्या वेळी पुरेशी चौकशी झाली नाही. मी काल वही काढून पाहिले, ते वाक्य अजून तसेच आहे. ते खोडून त्याजागी खरे काय झाले ते लिहावे, आणि दोरे कोणी काढले तेही नावानिशी लिहावे. सहीला मी तयार आहे.

खजिनदारबाई आज आल्या आहेत, मागच्या रांगेत दाराजवळ बसल्या आहेत. मी त्यांना आज काय बोलणार ते आधी सांगितले नव्हते, म्हणून त्यांची क्षमा मागते. अक्काही आल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्या मागच्या खोलीत मशीन उघडून दाखवणार आहेत. ज्यांना ओवणे शिकायचे आहे त्यांनी थांबावे. चष्मा असेल त्यांनी चष्मा आणावा. चिमटा माझ्याजवळ आहे.